अवटु-परीक्षा, पुरुषांच्या अंतःस्रावी विकारांतील

अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे कार्य कमी, अधिक की यथायोग्य आहे, हे रक्तातील हॉर्मोनांच्या मापनावरून ठरविण्याच्या पद्धतींना ‘अवटु-परीक्षा’ म्हणतात. अवटूचे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतात. त्यामुळे थकवा, कामेच्छेचा ऱ्हास, वंध्यत्व किंवा स्तनवृद्धी यांसारख्या तक्रारी असलेल्या पुरुषात अवटूकडे लक्ष उशिरा जाते. उलटपक्षी, परीक्षा केली तरी एकच आकडा पाहून निष्कर्ष काढला जातो. या दोन्ही चुका रुग्णाला महागात पडू शकतात.

अवटू ग्रंथी मुख्यतः थायरॉक्सिन (टी-४) व अल्प प्रमाणात ट्रायआयोडोथायरोनीन (टी-३) स्रवते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतील अवटु-उद्दीपक हॉर्मोन (टीएसएच) या स्रवणाचे नियंत्रण करते आणि रक्तातील थायरॉक्सिन वाढताच स्वतः घटते. हे नाते अतिशय संवेदनशील आहे : मुक्त थायरॉक्सिन निम्मे झाले, तर उद्दीपक हॉर्मोन सुमारे शंभरपट वाढू शकते. म्हणूनच प्राथमिक तपासणीस टीएसएच पुरेसे मानतात. प्रौढांमध्ये त्याची सर्वसामान्य मर्यादा लिटरमागे सुमारे ०·४ ते ४ मिलि-एकके असते व वृद्धापकाळी वरची मर्यादा काहीशी सरकते. रक्तातील थायरॉक्सिनाचा ९९·९ टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांशी बद्ध असतो. केवळ उरलेला मुक्त अंश पेशींवर कार्य करतो. इतक्या सूक्ष्म राशी मोजणे शक्य झाले ते रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांच्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन पद्धतीमुळे. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन यांचे १९७२ मध्येच निधन झाले होते.

टीएसएचवरील हा विश्वास पोष ग्रंथी निरोगी असेल, तरच सार्थ ठरतो. पोष ग्रंथीत अर्बुद (गाठ) असल्यास, तिच्यावर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झालेले असल्यास किंवा डोक्यास जबर मार बसला असल्यास तिची उद्दीपक हॉर्मोने एकत्रच घटू शकतात. घोणस सापाच्या दंशानंतर पोष ग्रंथी निकामी झाल्याची उदाहरणे ब्रह्मदेशात (म्यानमार) व दक्षिण भारतात नोंदविली गेली आहेत. अशा रुग्णात टीएसएच लिटरमागे १·८ मिलि-एकके, म्हणजे दिसण्यात अगदी निर्दोष असते. परंतु मुक्त थायरॉक्सिन डेसिलिटरमागे ०·५ नॅनोग्रॅम (सर्वसाधारण मर्यादा सुमारे ०·८ ते १·८) इतके खालावलेले आढळते. थायरॉक्सिन एवढे कमी असता निरोगी पोष ग्रंथीने कितीतरी अधिक उद्दीपक हॉर्मोन स्रवले असते. म्हणून येथे ‘सर्वसामान्य’ हा आकडाच विकाराचे लक्षण होय. कधीकधी तर टीएसएच किंचित वाढलेलेही आढळते. मात्र त्याचे रेणू जैव दृष्ट्या दुर्बल असतात. ज्या पुरुषात टेस्टोस्टेरोन कमी असूनही पोष ग्रंथीचे ल्युटिनीकारक हॉर्मोन वाढलेले नाही, त्याच्यात टीएसएचबरोबर मुक्त थायरॉक्सिनही मोजलेच पाहिजे.

येथे एक धोका ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पोष ग्रंथी निकामी झाली असता अधिवृक्क ग्रंथीचे कॉर्टिसॉलही अपुरे असू शकते. थायरॉक्सिन दिल्याने चयापचय वाढतो व कॉर्टिसॉलचा निचरा जलद होतो. परिणामी आधीच अपुरा असलेला साठा संपून रक्तदाब कोसळतो व रुग्ण दगावू शकतो. म्हणून प्रथम कॉर्टिसॉल तपासून, कमी असल्यास त्याची भरपाई करून, नंतरच थायरॉक्सिन सुरू करतात.

अवटूच्या विकाराने टेस्टोस्टेरोनाचे आकडेही फसवे होतात. हे हॉर्मोन रक्तात ज्या ग्लोब्युलिनाशी बद्ध होऊन वाहते, ते यकृतात तयार होते व थायरॉक्सिनामुळे वाढते. अवटूच्या अतिक्रियतेत त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरोन भरपूर दिसते, पण मुक्त अंश सामान्य किंवा कमी असतो. स्त्रीमदजनाचे प्रमाण तुलनेने वाढल्याने स्तनवृद्धीही होते. न्यूनक्रियतेत याच्या उलट, ग्लोब्युलिन घटल्याने एकूण टेस्टोस्टेरोन कमी भरते. असा अहवाल पाहून टेस्टोस्टेरोनाची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) दिली, तर मूळ विकार तसाच राहतो; शिवाय बाहेरून मिळणाऱ्या हॉर्मोनामुळे पोष ग्रंथीचे उद्दीपन थांबून शुक्राणूंची निर्मिती मंदावते. अपत्यासाठी उपचार घेणाऱ्या पुरुषास हा उपाय अपायच ठरतो. दीर्घकालीन न्यूनक्रियतेत प्रोलॅक्टिन वाढते व पोष ग्रंथी सुजल्यासारखी मोठी होते. प्रतिमाचित्रणात ती अर्बुदासारखी दिसते. परंतु थायरॉक्सिनाने ती बहुधा पूर्ववत होते. टीएसएच न पाहता शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे येथे घातक होय.

परिणाम उलट दिशेनेही घडतो. पौरुषजन औषधांनी थायरॉक्सिन वाहून नेणारे ग्लोब्युलिन कमी होते. त्यामुळे एकूण थायरॉक्सिन घटलेले दिसते. मुक्त थायरॉक्सिन व टीएसएच मात्र बदलत नाहीत. शरीरसौष्ठवासाठी अशी औषधे घेणारे तरुण ती गोष्ट सहसा सांगत नाहीत, त्यामुळे विचारणा करावी लागते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनाच्या मोठ्या मात्रांमुळे काही मापनपद्धतींत टीएसएच खोटे कमी व थायरॉक्सिन खोटे जास्त येते. परीक्षेपूर्वी निदान दोन दिवस ते बंद ठेवतात. गंभीर आजारात अवटू निरोगी असूनही टी-३ घटते, म्हणून तातडीचे कारण नसल्यास परीक्षा प्रकृती सुधारेपर्यंत लांबणीवर टाकतात. टीएसएच किंचित वाढलेले व मुक्त थायरॉक्सिन यथायोग्य असल्यास दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मापन करतात; एवढ्याशा वाढीवर पुरुषाच्या सर्व तक्रारींचा भार टाकणे योग्य नव्हे.

थायरॉक्सिनाचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असल्याने मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा परीक्षा करतात. अवटूचाच विकार असेल, तर टीएसएचवरून मात्रा ठरते. पोष ग्रंथीच्या विकारात ते निरुपयोगी असते. तेथे मुक्त थायरॉक्सिन मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात राखतात आणि त्यासाठी रक्त त्या दिवसाची गोळी घेण्यापूर्वी काढतात.