पट्टेरी नळ आणि पाण्यातली बाग

कमळकुंडाच्या कडेला काहीतरी उंच हवं, म्हणून नर्सरीतून हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं गवत आणलं जातं. बहुतेक वेळा तो अरुंडो डोनॅक्सचा, म्हणजे बोरूच्या जातकुळीतल्या नळाचा, व्हेरिगेटेड प्रकार असतो. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनच्या पात्या याच नळाच्या साध्या हिरव्या प्रकारापासून करतात, हे जाता जाता.

आता हा पट्टा म्हणजे काय? तो रंग नाही, उणीव आहे. कोंबाच्या टोकाशी दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी असतात. त्यातल्या एका प्रकाराला हरितद्रव्य बनवता येत नाही. गवताचं पान बुडाकडून वाढतं, त्यामुळे त्या पेशींची संतती सरळ रेषेत लांबत जाते. झाला पट्टा! पण पांढरा भाग अन्न तयार करत नाही, म्हणून हे झाड हिरव्या नळापेक्षा बुटकं आणि सावकाश वाढणारं. मुळाशी पाणी कमी पडलं तर उन्हात आधी पांढरंच करपतं. सतत ओली माती त्याला मानवते ती यामुळेही.

आणि इथेच खरी गोम आहे. मधूनच गड्ड्यातून एखादा पूर्ण हिरवा कोंब येतो. तो जोमदार असतो. ठेवला तर काही हंगामांत सगळं बेट हिरवं करून टाकतो. नुसता छाटून उपयोग नाही, फुटवा परत येतो. गड्ड्याच्या तुकड्यासकट काढायचा.

लावताना चिकणमाती, वर खडीचा थर, आणि भोक नसलेली रुंद कुंडी. भोक असलं की गड्डा बाहेर पडलाच म्हणून समजा. मातीवर चार बोटं पाणी पुरे. पांढरा रंग कोवळ्या फुटीवर सर्वांत उठून दिसतो, म्हणून थंडी सरताना बेट बुडापासून कापावं.

कापलेलं टाकायचं कुठे, हे मात्र आम्ही दर वेळी सांगतो. या नळाला रुजणारं बी धरत नाही. तो गड्ड्याच्या आणि पेरांच्या तुकड्यांतूनच पसरतो. कॅलिफोर्नियात सांता आना नदीकाठी त्याने असंच मूळ झाडोऱ्याला हटवलं, आणि जगातल्या १०० उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. तेव्हा छाटणी ओढ्या-नाल्यात फेकू नका. गच्चीवर कडकडीत वाळू द्या, पेरं मोडून पाहा, आत ओल नसेल तरच खतात घाला.