उंबऱ्यावरून दिसलेले सिनसिनाटी

फेब्रुवारी १८२८ मध्ये फ्रान्सिस ट्रोलप या इंग्रज बाईंनी ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात मुलांसह बिऱ्हाड मांडले, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो केरकचऱ्याचा. गटारे नाहीत, कचरागाडी नाही. घरमालकाने सांगितले की सगळे रस्त्यात टाका, पण बरोबर मधोमध. कडेला टाकायला कायद्याने बंदी आहे, आणि मधले डुकरे खाऊन टाकतात. इंग्लंडला परतल्यावर मार्च १८३२ मध्ये त्यांनी ‘डोमेस्टिक मॅनर्स ऑफ द अमेरिकन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात हा प्रसंग नोंदवला. अमेरिकेत संतापाची लाट उसळली. आजही हे पुस्तक एका नाक मुरडणाऱ्या बाईची तक्रारवही म्हणून ओळखले जाते. हा शिक्का अन्यायाचा आहे. ट्रोलपबाईंचे निकाल बाजूला ठेवून नुसत्या नोंदी वाचल्या, तर घडत असलेल्या एका शहराचा इतका जवळून घेतलेला दाखला क्वचितच सापडेल.

डुकरांचेच पाहा. १७८८ मध्ये वसलेल्या या गावाची लोकसंख्या १८२० मध्ये ९,६४२ होती, ती १८३० मध्ये २४,८३१ झाली. आसपासच्या शेतांवरची डुकरे हाकत इथे आणायची, कापायची आणि खारवलेले मांस पिंपांत भरून नदीमार्गे न्यू ऑर्लिन्सकडे धाडायचे, यावर शहर पोसले जात होते. ‘पोर्कोपोलिस’ हे त्याचे टोपणनाव त्यातूनच पडले. चरबीपासून मेणबत्त्या आणि साबण होत. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी १८३७ मध्ये इथेच सुरू झाली. दहा वर्षांत अडीचपट वाढलेल्या गावात सफाईची व्यवस्था माणसांच्या मागे पडली होती आणि ती उणीव जनावर भरून काढत होते. ट्रोलपबाईंना यात गलिच्छपणा दिसला. पण रस्त्याचा मध्य आणि कड यांतला फरक त्यांनी टिपला म्हणून त्या गलिच्छपणामागचा नियमही आपल्याला कळतो. डिसेंबर १८३१ मध्ये फ्रेंच विचारवंत तोकव्हिल याच शहरात काही दिवस राहून वकील-न्यायाधीशांशी बोलला. लोकशाही समजून घ्यायला त्या मुलाखती मोलाच्या ठरल्या, परंतु कचरा कुठे टाकायचा हे पाहुण्याला विचारावे लागत नाही. संसार करणाऱ्याला विचारावे लागते.

घरकामाच्या बाईची गोष्टही अशीच. वर्षाच्या पगारावर मोलकरीण ठेवण्याची इंग्रजी रीत इथे चालेना. आलेली मुलगी आठवड्याचे पैसे मागे. तिला नोकर म्हणणे हा अपमान, ‘हेल्प’ म्हणायचे. मालकांच्या टेबलावर जेवायला बसू देत नाहीत म्हणून काम सोडणाऱ्याही होत्या. घरकामात दुपटीहून जास्त मिळत असताना मुली कागदाच्या गिरणीत निम्म्याहून कमी मजुरीवर राबतात, याचे ट्रोलपबाईंना नवल वाटे. त्यांना हा पोकळ अभिमान वाटला. आपण मात्र हीच नोंद उलट बाजूने वाचू शकतो: या मुलींच्या लेखी बरोबरीच्या मानाला रोख किंमत होती आणि ती त्या स्वतःच्या मजुरीतून मोजत होत्या. आईच्या पुस्तकानंतर तीस वर्षांनी, १८६२ मध्ये, कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांनी अमेरिकेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आईने समाजातले दोष टिपले, पण त्यामागची राजकीय रचना उलगडणे हे तिने आपले काम मानले नाही, असे त्यांचे मत होते. मला ते अपुरे वाटते. राज्यघटनेतली समता स्वयंपाकघराच्या दारात कशी येऊन उभी राहते, हे या पुस्तकाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसणार?

या साक्षीवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. ट्रोलपबाईंनी १८२९ मध्ये उभारलेला बझार फसला, पैसा बुडाला. म्हणून त्या कडवट झाल्या, असे म्हणतात. शिवाय पुस्तक आले ते ब्रिटनमध्ये मताधिकाराच्या सुधारणेचा वाद पेटला असताना, आणि आपल्या देशबांधवांनी जुनी व्यवस्था सोडू नये हा हेतू त्यांनी स्वतःच सांगितला होता. एका शहरावरून देशाला नावे ठेवण्याची चूकही त्यांनी केली. हे सारे मान्य. पण स्वतःच्या बाजूविरुद्ध जाणारी साक्ष अधिक वजनाची असते, आणि ती इथे भरपूर आहे. दोन वर्षांत आपल्याला एकही भिकारी दिसला नाही, हे त्याच लिहितात. बाजार उत्तम आणि मांस स्वस्त, हेही त्याच सांगतात. शहरातले प्रतिष्ठित पुरुष पहाटे उठून, मोठी टोपली घेऊन स्वतः भाजी, लोणी, अंडी आणायला जातात, ही नोंदही त्यांचीच. पुढे १८४२ मध्ये डिकन्सला सिनसिनाटी आवडले, पण न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मोकाट डुकरे त्यालाही दिसली. निकाल बदलला तरी नोंदीला दुजोराच मिळाला.

उंबऱ्यावरून सगळेच दिसते असे नाही. नदीपलीकडच्या केंटकीत गुलामगिरी होती, आणि मानवी हक्कांची भाषा करणारे हात चाबूक कसा उगारतात, यावर ट्रोलपबाईंनी कठोर लिहिले. मात्र गुलामगिरी नसलेल्या ओहायोतही १८०७ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांकडून ५०० डॉलरचा जामीन मागितला जाई, आणि १८२९ च्या उन्हाळ्यातल्या हल्ल्यांनंतर हजाराहून अधिकांनी सिनसिनाटी सोडले. ते शहर समजून घ्यायला घरातल्या नोंदी पुरत नाहीत. कायदे आणि दप्तरेही उघडावी लागतात.

इंग्लंडमधून अमेरिकेत पाहुणे म्हणून गेलेल्यांत पंडिता रमाबाईही होत्या. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या, आणि १८८९ च्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात त्यांनी राज्यपद्धती, शिक्षण आणि व्यापार यांच्याबरोबर लोकांच्या घरगुती स्थितीलाही विचाराचा विषय केले. आज मुलांकडे अमेरिकेत महिनोन्‌महिने राहणारी मराठी माणसे तिथली घरे आतून पाहतात. त्यांनी धबधबे आणि पूल यांच्याबरोबर हेही लिहून ठेवावे: कचरा कोण उचलतो, घरकामाला येणाऱ्या व्यक्तीला काय म्हणतात, ती कुठे बसून जेवते. आवडले की नाही, ते नंतर सांगितले तरी चालेल.