मुळांपासून औषधचिठ्ठीपर्यंत : नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधन

इंग्लंडच्या मध्यभागातील नॉटिंगहॅम हे शहर एके काळी लेसच्या कारखान्यांसाठी, सायकलींसाठी आणि बूट्स या औषध कंपनीसाठी ओळखले जाई, आणि तेथील विद्यापीठाच्या जडणघडणीत या उद्योगांचा, विशेषतः औषधधंद्याचा, मोठा वाटा आहे. १८८१ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाला जेसी बूट या औषधविक्रेत्याने शहराबाहेरची विस्तीर्ण जमीन दिली, १९२८ मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते तेथील नव्या वास्तूचे उद्घाटन झाले आणि १९४८ च्या राजसनदेने त्याला पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सनदेच्या आदल्याच वर्षी सटन बॉनिंग्टन या खेड्यातील शेतकी महाविद्यालय त्यात विलीन झाले होते. वैद्यकीय शाखा १९७० मध्ये आली. शेती, भौतिकी, औषधनिर्माण आणि वैद्यक एकाच प्रशासनाखाली आले, याचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणाला जाणवले नसावे. पुढील अर्धशतकात मात्र या शाखांनी एकमेकींची साधने आणि प्रश्न वारंवार उसने घेतले, आणि या विद्यापीठाची खरी ओळख त्या देवघेवीत आहे.

पीटर मॅन्सफिल्ड यांचे काम हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेले मॅन्सफिल्ड १९६४ मध्ये भौतिकीचे अध्यापक म्हणून येथे आले, तेव्हा त्यांचा विषय होता अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अणुकेंद्रांनी ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरींना दिलेला प्रतिसाद. घन पदार्थांच्या रचनेचा अभ्यास करण्यासाठी हाती घेतलेली ही पद्धत शरीरातील पाण्याच्या रेणूंनाही लागू पडते, कारण त्यांतील हायड्रोजनची केंद्रे असाच प्रतिसाद देतात, आणि चुंबकीय क्षेत्राची तीव्रता जागोजागी किंचित बदलली, तर कोणता प्रतिसाद कोठून आला हेही कळू शकते. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने जिवंत माणसाच्या बोटाच्या आडव्या छेदाची प्रतिमा प्रसिद्ध केली. १९७८ मध्ये, धोक्याचा इशारा मिळालेला असताना, मॅन्सफिल्ड पोटाच्या प्रतिमेसाठी स्वतः यंत्रात शिरले. संपूर्ण छेदाची माहिती सेकंदाच्या अल्पांशात गोळा करण्याची त्यांची रीत आज मेंदूच्या कार्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांचा आधार आहे. २००३ मध्ये त्यांना पॉल लॉटरबर यांच्यासह वैद्यकाचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी क्लाइव्ह ग्रेंजर हे याच विद्यापीठात शिकले होते आणि तेथे त्यांनी शिकवलेही होते.

वनस्पतिविज्ञानाची वाट याहून अधिक वळणाची आहे आणि ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. सटन बॉनिंग्टन येथे डॉन ग्रियर्सन यांचा गट टोमॅटो पिकण्याच्या क्रियेत कोणती जनुके जागी होतात याचा शोध घेत होता. एखाद्या जनुकाची प्रत उलट्या दिशेने वनस्पतीत बसवली, की मूळ जनुकाचा संदेश दबतो, आणि मग काय बिघडले यावरून त्या जनुकाचे काम ओळखता येते. या युक्तीने गटाने १९८८ मध्ये फळ मऊ करणारे विकर रोखले आणि १९९० मध्ये दाखवून दिले, की एका अनोळखी जनुकाला दाबल्यास इथिलीन या वायूची निर्मिती घटते. आंब्याची आढी घालणाऱ्याला या वायूचे नाव ठाऊक नसले, तरी त्याचे काम ठाऊक असते : पेंढ्यात झाकलेली फळे स्वतःच सोडलेल्या वायूने एकमेकांना पिकवतात. मऊ होण्याचे विकर दाबून तयार झालेल्या टोमॅटोचा दाट रस १९९६ मध्ये ब्रिटनमधील दुकानांत, जनुकबदल केल्याचे डब्यावर स्पष्ट लिहून, विकायला आला आणि सुरुवातीला चांगला खपला; पण जनुकबदल केलेल्या अन्नाविषयी लोकांच्या मनात शंका वाढत गेली आणि १९९९ पर्यंत तो दुकानांतून नाहीसा झाला. प्रयोगशाळेतील यश आणि समाजाची संमती या दोन वेगळ्या कमाया आहेत, आणि दुसरीसाठी विद्यापीठांकडे पुरेशी तयारी त्या वेळी नव्हती, असे म्हणणे भाग आहे.

तोच इथिलीन वायू सुमारे तीन दशकांनंतर जमिनीखाली पुन्हा भेटला. मुळांचा अभ्यास करण्यात जुनी अडचण अशी, की मूळ पाहण्यासाठी ते उपटावे लागते, आणि उपटले की मातीशी असलेले त्याचे नाते तुटते. येथील मॅल्कम बेनेट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयांतील सीटी यंत्राचे तत्त्व, म्हणजे अनेक कोनांतून क्ष-किरण टाकून संगणकाने त्रिमितीय चित्र उभारण्याचे तंत्र, मातीच्या कुंड्यांवर वापरले, आणि २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र उघडले. केंद्राला नाव दिले आहे सीटी यंत्राचे जनक गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांचे, जे याच परगण्यातील शेतकरी कुटुंबात जन्मले होते. २०२१ मध्ये बेनेट यांच्या गटाने चीनमधील संशोधकांसह प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाने एक रूढ समजूत हलवली. दबून घट्ट झालेल्या जमिनीत मुळे थांबतात, कारण त्यांच्यात आरपार जाण्याची ताकद नसते, असे मानले जाई. परंतु इथिलीनचा संकेत न कळणाऱ्या भाताच्या वाणांची मुळे त्याच घट्ट मातीत खोल गेली. घट्ट मातीत हवेच्या पोकळ्या कमी असल्याने मुळाने सोडलेला वायू बाहेर पसरू शकत नाही, टोकाभोवती साचतो, आणि मूळ तो वाढ थांबवण्याचा इशारा समजते. अवजड ट्रॅक्टर आणि उसाच्या वाहनांखाली काळी जमीन दबण्याची तक्रार पश्चिम महाराष्ट्रात नवी नाही, म्हणून या शोधाकडे येथील वाण-पैदासकारांचे लक्ष जायला हवे.

आरोग्यसेवेतील संशोधन वरवर पाहता याहून साधे वाटते, कारण त्यात नवे यंत्र नाही की नवा रेणू नाही; प्रश्न जुन्या औषधांच्या वापराचा आहे. नॉटिंगहॅमचेच पदवीधर स्टुअर्ट ॲडम्स यांनी बूट्स कंपनीत शोधलेले आयब्युप्रोफेन १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये वापरात आले. त्याच्यासारखी दाहशामक औषधे वेदना कमी करतात, पण पूर्वी पोटात अल्सर झालेल्या रुग्णाला संरक्षक औषधाशिवाय दिली, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरला हे माहीत असते, तरी घाईत चूक होते. नॉटिंगहॅमचे टोनी एव्हरी यांच्या नेतृत्वाखालील आणि इतर विद्यापीठांच्या सहभागाने झालेल्या ‘पिन्सर’ या चाचणीत ७२ कुटुंबवैद्यक दवाखाने दोन गटांत विभागले गेले. एका गटाला धोक्यातील रुग्णांची संगणकीय यादी तेवढी दिली; दुसऱ्याला यादीसोबत प्रशिक्षित फार्मासिस्ट दिला, जो डॉक्टर, परिचारिका आणि स्वागतकक्षातील कर्मचारी यांच्यासह बसून चुकीमागचे कारण शोधी व कामाची रीत बदलण्यास मदत करी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार सहा महिन्यांनी दुसऱ्या गटात तिन्ही प्रमुख चुका लक्षणीयरीत्या कमी आढळल्या : अल्सरच्या रुग्णाला असुरक्षित वेदनाशामक, दम्याच्या रुग्णाला बीटा-ब्लॉकर, आणि वृद्धांना रक्ततपासणीविना दीर्घकाळ चालू ठेवलेली रक्तदाबाची व लघवी वाढवणारी औषधे. बारा महिन्यांनी हा परिणाम काहीसा ओसरला, यावरून इतकेच दिसते, की असे काम एकदा करून सोडून देता येत नाही. या पद्धतीचा प्रसार पुढे इंग्लंडभर झाला. यादी दोन्ही गटांकडे होती आणि फरक माणसांनी एकत्र बसण्याने पडला. सांघिक कामाची उपयुक्तता इतक्या काटेकोरपणे मोजली जाणे ही या संशोधनाची मोठी कामगिरी आहे.

नॉटिंगहॅममध्ये एकत्र असलेल्या या शाखा महाराष्ट्रात विखुरलेल्या आहेत : शेतीसाठी राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार विद्यापीठे आहेत, आरोग्यविज्ञानासाठी १९९८ पासून नाशिकचे स्वतंत्र विद्यापीठ आहे, आणि मूलभूत विज्ञाने या दोन्हींपासून दूर पारंपरिक विद्यापीठांत शिकवली जातात. प्रत्येक शाखेकडे पुरेसे लक्ष जावे हा या विभागणीचा हेतू योग्यच होता. पण तिच्यामुळे मृदाशास्त्रज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ एका आवारात भेटण्याची शक्यता उरली नाही. मातीचे पहिले सीटी अभ्यास रुग्णांसाठी बनवलेल्या यंत्रांवरच झाले होते. वैद्यकीय महाविद्यालयांतील अशी यंत्रे ठरावीक तास कृषी विद्यापीठांना वापरू देण्याचा करार करायला नवा कायदा लागत नाही, आणि संबंधित कुलगुरूंनी तो विचारात घ्यावा.