सूत्रकृमीला मूळ सापडते कसे?

पाण्याची पाळी चुकलेली नसते, खतही वेळेवर दिलेले असते. तरीही टोमॅटोचे किंवा वांग्याचे झाड दुपारच्या उन्हात मान टाकते, पाने पिवळी पडतात आणि वाढ खुंटते. असे झाड अलगद उपटून मुळे धुऊन पाहिली आणि त्यांवर लहानमोठ्या गाठी दिसल्या, तर ते बहुधा मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचे काम असते. भाजीपाला, केळी, पेरू, डाळिंब अशा कितीतरी पिकांना या किडीचा उपद्रव होतो. महाराष्ट्रातील डाळिंब-बागाइतदारांना तर ती चांगलीच परिचित झाली आहे.

अंड्यातून बाहेर पडलेले सूत्रकृमीचे पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. त्याला डोळे नसतात, कान नसतात. मूळ मिळेपर्यंत ते काहीही खात नाही. अंगात साठविलेल्या चरबीची शिदोरी संपण्यापूर्वी त्याला मूळ गाठावेच लागते, नाही तर ते उपासाने मरते. अंधाऱ्या मातीत हा जीव मुळाचा माग कसा काढतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रीय जिज्ञासेचा नाही, तो पीक राखण्याचाही आहे.

तोंडाजवळची दोन इंद्रिये

सूत्रकृमीच्या डोक्यावर, तोंडाच्या दोन्ही बाजूंस, सूक्ष्म छिद्रे असतात. प्रत्येक छिद्राच्या आत एक ज्ञानेंद्रिय असते. त्यास शास्त्रज्ञ ॲम्फिड म्हणतात. (मावा किडीच्या इंग्रजी नावाशी याची गल्लत करू नये.) जमिनीतील ओलाव्यात विरघळलेली द्रव्ये, वास आणि उष्णता यांची वार्ता प्राण्याला मुख्यतः याच इंद्रियातून मिळते.

या इंद्रियाची सर्वांत बारकाईने पाहणी झाली आहे ती सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स नावाच्या सूत्रकृमीत. हा कृमी पिकाचा शत्रू नव्हे. तो कुजत्या पालापाचोळ्यात व फळांत जीवाणू खाऊन राहतो. लांबी सुमारे एक मिलिमीटर, अंग पारदर्शक आणि २० अंश सेल्सियस उष्णतामानात सुमारे तीन-चार दिवसांत नवी पिढी, असे त्याचे गुण असल्यामुळे इंग्लंडमधील केंब्रिज येथे सिडनी ब्रेनर यांनी १९६० नंतरच्या दशकात त्याची अभ्यासासाठी निवड केली. पुढे त्याच्या प्रत्येक पेशीची मोजदाद झाली. त्याच्या उभयलिंगी प्राण्यात ३०२ मज्जापेशी आणि त्यांना साह्य करणाऱ्या ५६ आधारपेशी असतात. या कामाबद्दल ब्रेनर यांना आणखी दोघा शास्त्रज्ञांसह २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच्या प्रत्येक ॲम्फिडमध्ये १२ मज्जापेशी असतात आणि त्यांच्या दिमतीला दोन आधारपेशी. एक पेशी मज्जापेशींच्या टोकांना खोळीप्रमाणे वेढून बसते. तिला खोळपेशी म्हणता येईल. दुसरी छिद्राशी खोबणीसारखी वाट तयार करते, ती खोबणपेशी. काही मज्जापेशींची टोके या वाटेने बाहेरच्या जगाशी भिडतात. उष्णता ओळखणाऱ्या पेशीचे व काही गंध ओळखणाऱ्या पेशींचे टोक मात्र खोळपेशीच्याच अंगात रुतलेले असते.

एकच दफ्तर, निराळी पाने

प्राण्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सर्व जनुकांचा संच असतो. तरी मज्जापेशी, स्नायू आणि आधारपेशी यांची कामे भिन्न असतात. तलाठ्याच्या दफ्तरात साऱ्या गावाच्या नोंदी असतात, पण ज्याला ज्या गटाचे काम असेल त्याला त्या गटाचाच उतारा दिला जातो. पेशीतही तसेच घडते. तिच्या दफ्तरातील कामापुरती पाने उघडली जातात, त्यांच्या नकला निघतात आणि त्या नकलांवरहुकूम प्रथिने तयार होतात. यासच जनुकांचा आविष्कार म्हणतात. ज्वारीच्या एकाच दाण्यातून मूळ, पान आणि कणीस निराळे घडते, तेही याच न्यायाने.

खोळपेशीत कोणती पाने उघडलेली असतात, याचा शोध न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात शाय शाहम व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंद्रियाची घडण झाल्यानंतर खोळपेशी नष्ट करण्यात आली. मज्जापेशी जिवंत राहिल्या. परंतु काहींच्या टोकांचा आकार बिघडला, तर काहींचा आकार ठीक राहूनही त्यांचे काम थांबले. असा कृमी योग्य उष्णतेची जागा शोधू शकेना. खोळपेशीतून पाझरणारे एक प्रथिन तयार करणारे जनुक निकामी केले, तरी इंद्रियाच्या कामात दोष उत्पन्न होतो, असेही दिसून आले. याच प्रयोगशाळेतील २०१६ च्या अभ्यासात, खोळपेशीतील क्षारांची ने-आण करणारे एक प्रथिन नसल्यास उष्णता ओळखणाऱ्या पेशीचे केसाळ टोक झडते, असे आढळले. तात्पर्य, आधारपेशी ही नुसती खोळ नव्हे. तिच्या जनुकांचे काम थांबले, तर शेजारची मज्जापेशी जिवंत असूनही निरुपयोगी ठरते.

टंचाईच्या काळात या दफ्तरातील पाने बदलतात, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. अन्न संपले किंवा गर्दी झाली, की या कृमीचे पिल्लू खाणे बंद करून एक चिवट अवस्था धारण करते. त्या वेळी खोळपेशीत एरवी मिटलेले एक जनुक उघडते, पेशीचा आकार वाढतो आणि पुष्कळदा डाव्या-उजव्या बाजूंच्या खोळपेशी एकमेकींत मिसळून जातात. त्याबरोबर गंध ओळखणाऱ्या पेशींची टोकेही पसरतात.

पिकाच्या शत्रूंत काय दिसले

कुजक्या पाल्यातील कृमीवरचे निष्कर्ष मुळांवरील किडीस जसेच्या तसे लावता येत नाहीत. मात्र इंद्रियाची मूळ ठेवण दोहोंत सारखीच आहे आणि काही पुरावे थेट पिकाच्या शत्रूंतून मिळाले आहेत. त्यांसाठी जी युक्ती वापरली गेली, ती अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ साली याच छोट्या कृमीत सिद्ध केली होती. तीत दफ्तरातील मूळ नोंदीस धक्का लागत नाही. बाहेर पडलेली नक्कल तेवढी नष्ट होते. या शोधास २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बटाट्याच्या मुळांवर पुटी करणारा सोनेरी सूत्रकृमी भारतात १९६१ साली निलगिरीत आढळला. या कृमीच्या ॲम्फिडमधून स्रवणाऱ्या एका प्रथिनाच्या नकला या युक्तीने नष्ट केल्या असता, पिल्लांची मूळ शोधण्याची व त्यात शिरण्याची शक्ती कमी झाली. हा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या ॲम्फिडमधूनही एक प्रथिन स्रवते व त्याच्या जनुकाचे रूप किडीच्या वाणावाणांत बदलते, असे २००१ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले.

शेतात करावयाचे काम

हे ज्ञान अजून प्रयोगशाळेचे आहे. ते बाटलीत भरून फवारता येत नाही. तथापि शत्रूचे मर्म कोठे आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. पिल्लाची शिदोरी तोकडी आणि शोध लांबला की मरण निश्चित, हे लक्षात घेतल्यास जुन्या उपायांचा अर्थ नव्याने उमगतो.

उन्हाळ्यात जमीन खोल नांगरून तापू द्यावी. अंडी व पिल्ले उन्हाने वाळतात. रोपवाटिकेची जागा ओली करून पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकल्यास मातीतील उष्णता त्यांना सोसत नाही. एका शेतात किडीला मानवणारे पीक पाठोपाठ घेऊ नये. मधल्या हंगामात झेंडूचे दाट पीक घ्यावे. झेंडूच्या मुळांत शिरलेल्या पिल्लांची बहुधा पुढे वाढ होत नाही. फेरपालट करताना तण मात्र राखू नये. तणाचे मूळही पिल्लाला आसरा देते आणि सारी मेहनत वाया जाते. लागवडीपूर्वी निंबोळी पेंड मातीत मिसळावी. डाळिंब, पेरू यांची रोपे घेताना मुळे पाहूनच घ्यावीत, कारण गाठी असलेल्या एका रोपाबरोबर कीड बागेत येते आणि मग ती समूळ काढणे दुरापास्त होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक भेद शेतकऱ्यांना प्रत्यक्ष दाखवावा. भुईमूग, तूर, हरभरा यांच्या मुळांवरील नत्र साठविणाऱ्या गाठी मुळाच्या बाजूस चिकटलेल्या असतात व बोटाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते. ती मूळ तोडल्यावाचून निघत नाही. शंका असल्यास मुळांच्या भोवतालची ओलसर माती, बारीक मुळांसह, प्लास्टिकच्या पिशवीत घ्यावी, पिशवी उन्हात ठेवू नये आणि नमुना विनाविलंब कृषी विद्यापीठाकडे तपासणीसाठी पाठवावा. वाळलेल्या मातीतील पिल्ले मेलेली असतात आणि तपासणीत कीड नसल्याचा चुकीचा निर्वाळा मिळण्याचा संभव असतो.