लातूरची जुनी रेल्वे लाईन

लातुरात आजही पत्ता सांगताना ‘जुनी रेल्वे लाईन’ हे शब्द येतात. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे तेथे पोहोचली आणि अडीच फुटी रुळांवरच्या त्या इवल्याशा गाडीने गावच्या पेठेला हात दिला. पुढे रुंद मार्ग आला, नवे स्थानक दूर गेले, आणि शहरात एक अरुंद पट्टा आगगाडीवाचून उरला.

अशा पट्ट्याचे मोल क्षेत्रफळात नसून सलगतेत असते, याचा विसर आपल्याला फार लवकर पडतो. कोणी टपरीपुरती जागा मागतो, कोणी गाळ्यापुरती. प्रत्येक मागणी सुटी पाहिली तर वाजवीच वाटते. (टपरीवाल्यावर आमचा रोष नाही, त्याला अन्यत्र जागा मिळालीच पाहिजे.) परंतु मध्ये एक गाळा उभा राहिला की शाळकरी मुलांची निर्वेध वाट तुटलीच. न्यूयॉर्क शहरात १९८० साली बंद पडलेला उन्नत मालगाडीमार्ग पाडण्याचे घाटत होते. नागरिकांनी तो राखला, आणि २००९ पासून तेथे लोक झाडांमधून फिरतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुराला सावलीची किंमत सांगावी लागू नये. उरलेल्या जागेचा एकही तुकडा देण्यापूर्वी महानगरपालिकेने आणि रेल्वे प्रशासनाने साऱ्या पट्ट्याचा नकाशा नागरिकांपुढे मांडावा.