दाढ काढली, पण जखम भरेना

दाढ काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत हिरडी मिटायला लागते. काही रुग्णांत मात्र दोन महिने उलटले तरी खळगा उघडाच राहतो. आत पिवळसर पांढरं, जिभेला खरखरीत लागणारं काहीतरी दिसतं. रुग्णाला वाटतं, दाढेचा तुकडा राहिला. प्रत्यक्षात ते जबड्याचं हाड असतं, मेलेलं. मायामीचे मुखशल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये असे ३६ रुग्ण नोंदवले; त्यांना पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड दिलेलं होतं.

एकोणिसाव्या शतकात काडेपेटीच्या कारखान्यांतल्या कामगारांचे जबडे पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी असेच सडत. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडसारखी आजची औषधं मात्र हाडं वाचवण्यासाठीच दिली जातात. जुनं हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना ती आवरतात. त्याने खुबा आणि मणके टिकतात. पण जबड्याला रोजच्या चावण्यामुळे सतत डागडुजी लागते, वर हिरडीचं आवरण पातळ आणि तोंड जंतूंनी भरलेलं. डागडुजी थंडावली की दाढेची जखम महागात पडते.

धोका डोसवर ठरतो. कर्करोग हाडांत पसरला असेल तर झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ४ मिलिग्रॅम, दर तीन-चार आठवड्यांनी देतात. हाडं ठिसूळ झाली असतील तर ५ मिलिग्रॅम, सलाइनमधून वर्षातून एकदा. या दुसऱ्या गटात जबड्याचा त्रास दहा हजारांत मोजक्याच जणांना होतो. तेवढ्या भीतीने औषध सोडून खुबा मोडून घेणं हा घातक सौदा आहे.

मला खरी काळजी वाटते ती विसरण्याची. ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ असं दंतवैद्याने विचारलं की आजी बीपीची सांगतात, थायरॉइडची सांगतात. वर्षातून एकदा लावलेलं सलाइन ही त्यांच्या लेखी गोळी नसतेच. ‘ते मागेच बंद केलं’ म्हणूनही भागत नाही, कारण अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ही औषधं हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतात. त्याच कामाचं, दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब तसं मुरत नाही, पण दाढ काढायची म्हणून ते परस्पर टाळलं तर मणके पटापट मोडू शकतात. म्हणून दाढ कधी काढायची, हे दंतवैद्य आणि हाडांचं औषध देणारे डॉक्टर या दोघांनी मिळून ठरवायला हवं.

सगळ्यात सोयीची वेळ पहिल्या इंजेक्शनच्या आधीची. न टिकणारे दात तेव्हाच काढून घ्यावेत, हिरडी भरू द्यावी. औषध सुरू झाल्यावर दात किडला, तर शक्यतो रूट कॅनॉल करून मूळ जागेवरच ठेवतात.