प्रगतिपुस्तकातील आकडा आणि समासातील शेरा

शालेय वर्ष संपून प्रगतिपुस्तक हाती आले, की घराघरांत पहिला प्रश्न विचारला जातो तो 'किती टक्के?' हाच. त्या आकड्यावर मुलाची हुशारी ठरते, पुढची शाखा ठरते. कधीकधी घरातील शांतताही त्यावरच अवलंबून असते. परंतु हा आकडा कितपत विश्वासार्ह असतो, याचा शोध शंभर वर्षांहूनही अधिक काळापूर्वी घेतला गेला आहे. तो पालकांनी जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डॅनियल स्टार्च व एडवर्ड इलियट यांनी १९१२ साली इंग्रजी विषयाच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक माध्यमिक शाळांकडे तपासणीसाठी पाठविल्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासल्या. एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी कुणी ६४ गुण दिले, तर कुणी ९८. दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत! भाषेत परीक्षकाची आवडनिवड चालणारच, असा आक्षेप निघाला. म्हणून १९१३ साली त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तफावत कमी होण्याऐवजी वाढली. सर्वांत कमी गुण २८ आणि सर्वांत जास्त नव्वदीच्या पुढे. कुणी अंतिम उत्तराला महत्त्व दिले होते, कुणी रीतीला. कुणी नीटनेटकेपणा नाही म्हणून गुण कापले होते. यात कुणाची अप्रामाणिकता नव्हती. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी होती, इतकेच. आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षांत परीक्षकाच्या वर नियामक असतो आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविता येते, ती व्यवस्था याच दोषावरचा उपाय होय. वर्गातील चाचणीला मात्र असा नियामक नसतो.

दुसरे संशोधन आम्हांस अधिक अंतर्मुख करणारे वाटते. इस्रायलमधील रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळकरी मुलांचे तीन गट केले होते. एका गटाला केलेल्या कामावर केवळ गुण मिळाले, दुसऱ्याला केवळ लेखी शेरा, तिसऱ्याला गुण व शेरा दोन्ही. पुढील कामात प्रगती दिसली ती केवळ शेरा मिळालेल्या मुलांची. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा लाभ जवळजवळ झालाच नाही. हे कसे घडते, ते कोणत्याही घरात पाहावे: मूल आकडा वाचते, शेजारच्या मुलाचा आकडा विचारते आणि वही मिटते. पालकही तेच करतात. आम्हीही केले आहे.

साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक वहीत शेरा लिहिणे शिक्षकांना सोपे नाही, हे मान्यच. शिवाय 'छान', 'सुधारणा आवश्यक' असले शेरे आकड्याइतकेच मुके असतात. 'हातचा विसरलास, तिसरे उदाहरण पुन्हा सोडव' असे एक वाक्य पुरते. वही परत देताना प्रथम एवढेच द्यावे. मुलाने चूक दुरुस्त करून आणल्यावर गुण सांगावेत. वार्षिक परीक्षेत हे शक्य नाही. घटक चाचणीत आहे.